कॅसाब्लांका मालिकेत का मावला नाही, आणि मावायचा तर कसा

प्रश्न: १९४२ चा 'कॅसाब्लांका' अमेरिकन टीव्हीवर दोनदा मालिका होऊन आला आणि दोन्ही वेळा लवकर बंद पडला. इतकी पक्की गोष्ट हाताशी असून असे का झाले? आज ओटीटीसाठी आठ भागांत ती नव्याने करायची ठरली, तर पटकथा, सेट, गाणे, हक्क यांचे काय करावे लागेल?

उत्तर:

गोष्ट पक्की आहे म्हणूनच असे झाले. चित्रपट १०२ मिनिटांचा आहे आणि एका निर्णयावर उभा आहे. दुसऱ्या महायुद्धात निर्वासितांनी भरलेल्या, मोरोक्कोतल्या कॅसाब्लांका शहरात कॅफे चालवणाऱ्या रिकच्या हातात दोन माणसांना देशाबाहेर काढणारे कागद आहेत, विमान तयार आहे, आणि जुनी प्रेयसी इल्झा हिच्याबरोबर कोण जाणार, आपण की तिचा नवरा, हे त्याला ठरवायचे आहे. हा निर्णय एकदाच घेता येतो, आणि घेतला की गोष्ट संपते. मालिकेचे पोट भरते ते निर्णय लांबवण्यावर. मग लेखक मूळ निर्णय उचलून बाजूला ठेवतो आणि रिककडून दर आठवड्याला त्याच नमुन्याचा एक छोटा निर्णय घेववतो. अडलेला निर्वासित येतो, रिक आधी हात झटकतो, शेवटी मदत करतो. पहिल्या वेळी ते भिडते. तिसऱ्या वेळी ती रिकची ड्युटी वाटायला लागते.

१९५५ ची मालिका एबीसीवर 'वॉर्नर ब्रदर्स प्रेझेंट्स' या तासाभराच्या जागेत होती. तिथे तीन मालिका आळीपाळीने येत: 'किंग्ज रो', 'शायएन' आणि 'कॅसाब्लांका'. म्हणजे रिकची गाठ तीन आठवड्यांनी एकदा. त्यातही तासाचा शेवटचा तुकडा स्टुडिओच्या नव्या चित्रपटांच्या जाहिरातीला दिलेला. चार्ल्स मॅकग्रॉ रिक झाला. मूळ चित्रपटात जुगाराच्या टेबलावर दिसणारा मार्सेल दालिओ इथे पोलीस कॅप्टन झाला. काळ महायुद्धातून उचलून शीतयुद्धात नेला. दहा भागांत सगळे आटोपले. तिघांपैकी 'शायएन' मात्र पुढे कित्येक वर्षे चालली, आणि कारण सरळ आहे: तिचा नायक भटक्या. दर भागाला नवे गाव, नवे भांडण, आणि तो निघून गेला की मागे काही राहत नाही. रिकचे उलट आहे. तो एका जागी रुतलेला माणूस आहे आणि त्याच्या रुतण्याला एका बाईचे कारण आहे.

१९८३ ची एनबीसीची मालिका जास्त शिकवते, कारण तिच्यात निष्काळजीपणा नव्हता. निर्माता डेव्हिड वोल्पर, रिक डेव्हिड सोल, पोलीस कॅप्टन रेनो हेक्टर एलिझोंडो, पियानोवादक सॅम स्कॅटमन क्रॉदर्स, आणि बारटेंडर साशाच्या कामात तरुण रे लिओटा. छायाचित्रणाला तर एमी मिळाले. पाच भाग बनले, एप्रिलमध्ये तीन दाखवून मालिका काढली, उरलेले दोन नंतर उरकले. सोलला लोक 'स्टार्स्की अँड हच'मधला हच म्हणून ओळखत, हा अडसर होताच. पण खरा घोळ काळाच्या निवडीत होता. गोष्ट चित्रपटाच्या आधीच्या वर्षात ठेवली. चित्रपट सुरू होताना रिक कडवट, कोणाच्या भानगडीत न पडणारा असतो. त्याच्या आधीची मालिका लिहिलीत की शेवटच्या भागातही तो तसाच सोडावा लागतो. म्हणजे मुख्य पात्राला बदलायला बंदी! शिवाय इल्झा अजून यायची आहे, त्यामुळे रिकचे दुखणे काय ते कळायला मार्ग नाही. उरतो पांढऱ्या डिनर जॅकेटमधला एक हॉटेलवाला.

दोन्ही वेळा कॅफे ठेवला आणि बाई वगळली. हे पुन्हा करू नका.

याच्या शेजारी एनबीसीचीच १९७९ ची 'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' ठेवून पाहा. पर्ल हार्बरपूर्व हवाईतल्या लष्करी छावणीतली ही प्रेमकथा १९५३ च्या चित्रपटामुळे गाजलेली. तीन रात्रींची लघुमालिका झाली, नताली वूड आणि विल्यम डिव्हेन प्रमुख भूमिकांत होते, आणि ती चालली. तिच्यामागे जेम्स जोन्सची ८०० हून अधिक पानांची कादंबरी होती, आणि त्या काळच्या सेन्सॉरच्या नियमांमुळे चित्रपटाने तिच्यातले बरेच काही गाळले होते. टीव्हीला ते शिल्लक धान्य मिळाले. त्या यशावर १९८० मध्ये नियमित मालिका काढली, ती मात्र टिकली नाही, कारण कोठार संपले होते. 'कॅसाब्लांका'च्या मागे जाडजूड कादंबरी नाही. मरे बर्नेट आणि जोन अॅलिसन यांचे तोपर्यंत रंगभूमीवर न आलेले एक नाटक आहे, आणि त्यातला कस चित्रपटाने काढून घेतला आहे. तेव्हा नवे धान्य इतिहासातून आणावे लागेल. ते तिथे मुबलक आहे.

त्याआधी हक्क. एक ओळही लिहिण्यापूर्वी हे काम करा, कारण इथे तीन वेगळे कागद लागतात: नाटकाचे, चित्रपटाचे आणि गाण्याचे. नाटक वॉर्नरने १९४२ मध्ये २०,००० डॉलरला घेतले. १९८३ च्या मालिकेनंतर नाटककारांनी पात्रांवरच्या हक्कासाठी दावा लावला, आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. मूळ करारात त्यांनी सर्व प्रकारचे हक्क देऊन टाकले होते. आपल्याकडे कोणीतरी हमखास सांगतो की भारतात चित्रपटाचा कॉपीराइट ६० वर्षांचा, म्हणजे हा आता मोकळा. चित्रपटाची मुदत वेगळी आणि त्याखालच्या साहित्यकृतीची वेगळी. साहित्यकृतीला लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे संरक्षण असते, आणि बर्नेट वारले १९९७ मध्ये. ओटीटी जगभर दिसणार असेल तर अमेरिकेतली मुदतही बघावी लागते: चित्रपट २०३७ अखेरपर्यंत, आणि हर्मन हपफेल्डचे १९३१ चे 'अॅज टाइम गोज बाय' २०२६ अखेरपर्यंत. गाण्याची रचना मोकळी झाली तरी डूली विल्सनच्या आवाजातले ध्वनिमुद्रण मोकळे होत नाही. गाणे नव्याने गाऊनच घ्यायचे आहे, हे बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा.

आता बांधणी. आठ भाग, प्रत्येकी ४८ मिनिटे, म्हणजे ३८४ मिनिटे. शीर्षके आणि मागील भागाची उजळणी वजा जाता ३६५ च्या आसपास हाती राहतात. मूळ गोष्ट १०० मिनिटांची. म्हणजे २६५ मिनिटे नवी लिहायची आहेत. सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट मार्ग म्हणजे रिक आणि इल्झाचे प्रसंग वाढवणे. मूळ चित्रपटात ही दोघे एकमेकांशी मोकळेपणी बोलतात त्या जागा मोजा: पॅरिस, कॅफे बंद झाल्यावरची ती दारू प्यायलेली रात्र, बाजारातली कापडाच्या दुकानापुढची भेट, वरच्या खोलीत ती पिस्तूल रोखते तो प्रसंग, आणि विमानतळ. झाल्या पाच. एवढ्यावर हा चित्रपट ऐंशीहून अधिक वर्षे तगून आहे. आठ भागांत या जागा आठाच्या वर नेऊ नका. चॅनलचा क्रिएटिव्ह दर भागात 'लीड पेअरचा एक सीन' मागेल, तो मागणारच. त्याला दोघे एकाच चौकटीत असलेला पण बोलू न शकणारा प्रसंग द्या. नवरा टेबलावर आहे, रेनो टेबलावर आहे, आणि सॅम पियानोवर भलतेच काहीतरी वाजवतोय.

काळ ताणावा लागेल. चित्रपटात सगळे तीन दिवस-रात्रींत घडते आणि रिकच्या सहीच्या चिठ्ठीवर २ डिसेंबर १९४१ ही तारीख दिसते. तीन दिवस आठ भागांवर पसरले तर लोक जिने चढताना दिसतील. तीन आठवडे घ्या. सुरुवातीची तारीख इतिहासच देतो. नोव्हेंबर १९४१ च्या तिसऱ्या आठवड्यात विशी सरकारने, म्हणजे फ्रान्सच्या जर्मनधार्जिण्या सरकारने, उत्तर आफ्रिकेतला आपला सर्वोच्च प्रतिनिधी जनरल वेगां याला जर्मनांच्या दबावाखाली परत बोलावले. शेवटची तारीख ७ डिसेंबर, रविवार, पर्ल हार्बर.

वेगांची तारीख का महत्त्वाची, ते कागदांकडे पाहिले की कळते. चित्रपटातली 'ट्रान्झिट पत्रे' प्रत्यक्षात कधी अस्तित्वात नव्हती. त्यांवर सही कोणाची, जर्मनांशी लढणाऱ्या फ्रेंचांचा नेता द गोल याची की वेगांची, यावर ती पत्रे विकायला आणणाऱ्या उगार्टेच्या उच्चारामुळे आजही वाद होतो. द गोलची सही विशीच्या मुलखात दाखवली असती तर धरून आतच टाकले असते. दोन तासांत प्रेक्षक असले प्रश्न विचारत नाही, चित्रपट त्याला तेवढी उसंत देत नाही. सहा तासांच्या मालिकेत, आठवडाभराच्या फटीत, तो विचारतोच: जर्मन मेजर स्ट्रासरच्या डोळ्यांदेखत हे कागद चालतील कसे? इथे वेगांची सही ठेवा आणि पहिल्याच भागात त्याला पदावरून काढा. आता हातात पदावरून उतरलेल्या माणसाची सही आहे. आज चालेल, उद्या चालेल, पण नवा हुकूम निघेपर्यंतच. कागद नासका माल झाला की त्याच्या मागे धावणाऱ्या प्रत्येकाला घाई सुटते. उगार्टे भाव पाडतो, प्रतिस्पर्धी कॅफेचा मालक फेरारी थांबून बघतो, रेनो नियमपुस्तक उघडतो. लेखकाला यापेक्षा जास्त काय हवे?

इतर निर्वासितांसाठी खरी कागदांची साखळी वापरा, ती कल्पनेपेक्षा क्रूर आहे. बाहेर पडायला विशी प्रशासनाचा निर्गमन व्हिसा. पोर्तुगालचा ट्रान्झिट व्हिसा, पण तो पुढच्या देशाचा व्हिसा आणि बोटीचे तिकीट दाखवल्यावर. आणि पुढच्या देशाचा व्हिसा, ज्याची मुदत पहिले दोन मिळेपर्यंत संपत येते. एक संपला की बाकीचे रद्द, पुन्हा रांगेत पहिल्यापासून. जुलै १९४१ पासून अमेरिकेने व्हिसाचे निर्णय वकिलातींच्या हातातून काढून वॉशिंग्टनला नेले, त्यात आणखी महिने गेले. भाग ३ ते ५ चे इंजिन हेच. कंटिन्युटीच्या माणसाकडे प्रत्येक निर्वासित पात्राचा एक तक्ता द्या: कोणता व्हिसा, कोणत्या तारखेला दिला, केव्हा संपतो. संवादात तारखा चुकल्या की हे इंजिन बंद पडते, आणि चूक सहाव्या भागात सापडली तर दुसऱ्या भागाचे डबिंग पुन्हा करावे लागते.

इतिहासात आणखीही माल आहे. १९४१ च्या मर्फी-वेगां करारानुसार अमेरिकन मालाचे वाटप तपासायला म्हणून उत्तर आफ्रिकेत बारा अमेरिकन उपवाणिज्यदूत नेमले गेले. त्यांचे खरे काम हेरगिरीचे होते. एलेन काझेस-बेनातार या कॅसाब्लांकातल्या ज्यू वकीलबाईंनी निर्वासितांच्या मदतीचे काम उभे केले. विशीचे ज्यूविरोधी कायदे ऑक्टोबर १९४० च्या अखेरीस दाहिर काढून, म्हणजे सुलतानाच्या फर्मानाने, मोरोक्कोत लागू झाले होते. परदेशी निर्वासितांना बू अर्फासारख्या छावण्यांत रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपले जाई. बंदरात 'जाँ बार' ही अर्धवट बांधलेली फ्रेंच युद्धनौका उभी होती. आणि मूळ चित्रपटात मोरोक्कन माणूस जवळजवळ बोलतच नाही! देश १९१२ पासून फ्रेंचांच्या संरक्षणाखाली, शहर त्यांचे, गल्ल्या त्यांच्या, आणि ते दिसतात फक्त फेज टोप्यांत मागून जाताना. नव्या रूपात ही सर्वांत मोठी रिकामी जागा आहे. कॅफेच्या स्वयंपाकघरातला, बंदरावरचा, रेनोच्या कचेरीतला कारकून अशी किमान तीन मोरोक्कन पात्रे स्वतःच्या ट्रॅकसह हवीत, आणि त्यांची बोली दारिजा, म्हणजे मोरोक्कोतली बोलीभाषेतली अरबी, असावी. पुस्तकी अरबी बोलवलीत तर जाणकार प्रेक्षक पहिल्या भागात टीव्ही बंद करेल.

पॅरिस दोनदा दाखवा. मूळ चित्रपटात पॅरिस आहे ते रिकच्या आठवणीतले: मोटार, शॅम्पेन, १४ जून १९४० ला जर्मन आत येण्याआधीचे दिवस, आणि पावसात स्टेशनवर भिजत चाललेली चिठ्ठी. इल्झाच्या बाजूने ते दिवस पडद्यावर कधी आलेच नाहीत. मेला म्हणून समजलेला नवरा जिवंत आहे आणि शहराबाहेर मालगाडीच्या डब्यात आजारी पडला आहे, हे तिला त्याच दिवसांत कळते. चित्रपटात ती हे नंतर फक्त सांगते. रिकचे पॅरिस दुसऱ्या भागात, दहा मिनिटांच्या आत. इल्झाचे सहाव्यात, पिस्तुलाच्या प्रसंगाच्या लगेच आधी, आणि ते थोडे लांब. दोन्हींत तोच पोशाख, तोच बार, तीच वाक्ये ठेवा. बदल एकच करा: कॅमेरा तिच्या बाजूला न्या. पहिल्या वेळी आनंदी दिसलेली बाई दुसऱ्या वेळी तेच वाक्य बोलताना दाराकडे बघत होती, हे प्रेक्षकाला स्वतः सापडू द्या. त्यासाठी दोन्ही बाजू एकाच दिवशी चित्रित कराव्या लागतात. चार महिन्यांनी केस, वजन आणि प्रकाश जुळत नाहीत. अख्खा भाग पॅरिसमध्ये घालवायचा मोह टाळा. पॅरिस जितके जास्त दिसेल तितके ते साधे शहर होत जाते.

इल्झाचे दर्शन चित्रपटात साधारण पंचविसाव्या मिनिटाला होते. मालिकेत ते पहिल्या भागाच्या अखेरीस आणा. दुसऱ्या भागावर ढकलले तर प्रेक्षक कशासाठी थांबायचे ते न कळून निघून जातो.

इल्झाचा नवरा, भूमिगत चळवळीचा नेता लाझ्लो हे मूळ चित्रपटाचे कच्चे पात्र आहे. पॉल हेन्रीडचा दोष थोडा, लेखनाचा जास्त. त्याची थोरवी इतरांच्या तोंडून कळते, काम दिसत नाही. तो भूमिगतांच्या सभेला जातो आणि हाताला जखम घेऊन परततो, सभा पडद्याबाहेर. ती दाखवा. तो तिथे चुकू द्या, त्याच्या शब्दावर विसंबून कोणीतरी पकडले जाऊ द्या. इल्झा ज्याला सोडू शकत नाही तो पुतळा असेल तर तिचे न सोडणे नुसते कर्तव्य राहते. इल्झालाही काम द्या, पण तिच्या हाती बॉम्ब देऊ नका. आजच्या लेखनात बाईला कणखर करायचे म्हणजे तिला हेर करायचे, असा एक आळशी रिवाज पडला आहे. लाझ्लोच्या जाळ्यातली नावे-पत्ते कागदावर नसतात, तिच्या डोक्यात असतात, एवढे पुरे. मग तिला मागे ठेवणे किती जोखमीचे ते स्ट्रासरलाही कळते आणि रिकलाही.

रेनो हा मात्र अवघड प्रश्न आहे. क्लॉड रेन्सने तो इतका गोड केला आहे की तो व्हिसाच्या बदल्यात तरुण बायकांकडून काय घेतो हे प्रेक्षक हसून सोडतो. बल्गेरियन नवरा-बायकोचा प्रसंग आठवा: ती मुलगी रिकला विचारते ते नेमके हेच. १९४२ मध्ये सूचकतेने भागले. आज ते भागत नाही, आणि उघड दाखवले तर शेवटी रिक आणि रेनो धुक्यात मित्र म्हणून चालायला लागतात तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात ढवळते. पात्र सौम्य करणे हा तोडगा नव्हे, त्याने गोष्ट खोटी पडते. रेनोला किंमत लावा. आधीच्या भागात त्याच्या दारातून गेलेली एक बाई पुन्हा येऊ द्या, आणि शेवटच्या रात्री त्याने जे केले ते तिला माफीसारखे वाटू नये. रिकने त्याचा हात धरावा की नाही, हे अशा वेळी खरोखर ठरवावे लागते. सॅमचेही तसेच. मूळ चित्रपटात तो रिकचा सोबती आहे, पण त्याला स्वतःचे दुःख नाही. फेरारीला कॅफे विकताना त्याच्या नफ्यातल्या वाट्याचा उल्लेख होतो, तेवढेच. पॅरिसमध्ये गाजलेली कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका-नर्तिका जोसेफिन बेकर त्या काळात मोरोक्कोत होती, बराच काळ आजारी, आणि फ्रेंच हेरखात्यासाठी काम करत होती. एका कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाच्या कानावर तिचे नाव येणारच. तिला पडद्यावर आणू नका, नाव पुरते.

आता राष्ट्रगीताचा प्रसंग. जर्मन अधिकारी पियानोभोवती गात आहेत, लाझ्लो वाद्यवृंदाला 'मार्सेयेज' वाजवायला सांगतो, वादक रिककडे बघतात, रिक मान हलवतो. सगळा प्रसंग त्या मानेवर उभा आहे, बाकी आवाज. जर्मनांच्या तोंडी आधी नाझी पक्षाचे गीत घालायचे होते, पण त्याचे हक्क जर्मन प्रकाशकाकडे असल्यामुळे तटस्थ देशांत अडचण आली असती. म्हणून 'डी वाख्त आम राइन' हे जुने गाणे घेतले. ती निवड आजही योग्य आहे: त्या काळातल्या लोकांना ते गाणे माहीत होते आणि ते 'मार्सेयेज'खाली दबले जाऊ शकते. दोन्ही गाणी आधी वेगवेगळ्या ट्रॅकवर, एकाच लयीत आणि एकमेकांवर बसतील अशा पट्टीत मुद्रित करा. सेटवर ट्रॅक फक्त वादक आणि लाझ्लो यांच्या कानात द्या, गर्दीला प्रत्यक्ष गाऊ द्या. घशातल्या शिरा प्लेबॅकवर ओठ हलवून दिसत नाहीत. बहुतेक युनिट आधी लाँग शॉट घेतात आणि दहाव्या टेकला चेहऱ्यांकडे येतात. इथे उलट करा, पहिल्या दोन-तीन टेकमध्ये चेहरे उरका. त्यानंतर ज्युनिअर आर्टिस्ट पाठ केल्यासारखे गातात. मूळ चित्रपटात जर्मन अधिकाऱ्याबरोबर आलेली इव्हॉन रडत गाते. ते काम करणारी मादलेन लबो खरोखर १९४० मध्ये फ्रान्स सोडून पळालेली होती, तेव्हाचा पती मार्सेल दालिओ याच्याबरोबर. सेटवरच्या अनेकांची तीच कथा होती. असे चेहरे विकत मिळत नाहीत, पण गर्दीसाठी फ्रेंच आणि मध्य युरोपीय भाषा बोलणारी माणसे शोधता येतात, आणि पंचवीस सापडली तरी पुढच्या रांगा भरतात. हा प्रसंग पाचव्या भागाच्या शेवटी ठेवा. जुगाराच्या निमित्ताने कॅफेला टाळे लागते ते सहाव्याच्या सुरुवातीला. स्लो मोशन लावू नका.

सेटचे गणित साधे आहे. कायम उभे सेट पाच: कॅफेचे दालन, जुगाराची खोली, रिकची वरची खोली, रेनोची कचेरी, फेरारीचा 'ब्लू पॅरट'. पटकथेची दोन-तृतीयांश पाने या पाचांत बसली पाहिजेत, नाहीतर बजेट रस्त्यावर सांडते. मिनिटाला एक पान आणि वेग दिवसाला पाच पाने धरा, ३८४ पानांना ७७ दिवस. आपल्या दैनंदिन मालिकांच्या वेगाने, दिवसाला एक भाग म्हणजे वीस-बावीस पाने, हे काम होत नाही, कारण इथे दर फ्रेममध्ये साठ माणसे, धूर आणि अर्धे भरलेले ग्लास आहेत.

धुराची पंचाईत वेगळी सांगतो. एसी चालू असला की धूर एका कोपऱ्यात ओढला जातो आणि समोरासमोरचे दोन शॉट जुळत नाहीत. टेकच्या आधी दहा-पंधरा मिनिटे एसी बंद, मग हेझर, म्हणजे धूर सोडणारे यंत्र, मग थांबणे, आणि मागच्या शॉटमधल्या त्याच टेबल-दिव्याभोवतीचे वलय मॉनिटरवर ताडून पाहणे. खिडकीतून फिरत येणारा सर्चलाइटचा झोत मूळ चित्रपटाची ओळखीची खूण आहे. तो सतत फिरता ठेवलात तर संकलकाला एकही कट जुळवता येणार नाही. झोत संवादाच्या ठरावीक शब्दावर हाताने सोडा आणि तो शब्द पटकथेत अधोरेखित करा. भारतीय प्रेक्षकांसाठी आणखी एक गोष्ट: १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवरही तंबाखूच्या दृश्यांत खाली इशारा दाखवणे बंधनकारक आहे. ज्या कॅफेत प्रत्येकजण सिगारेट ओढतोय तिथे ती पट्टी तासभर हलणारच नाही. सिगारेट तीन-चार पात्रांपुरत्या ठेवा, बाकीचा धूर हेझरचा.

मराठी सबटायटल किंवा डबिंग होणार असेल तर ते शेवटच्या आठवड्यावर सोडू नका. इंग्रजीतले संबोधन 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक लपवते, मराठी तो उघडा पाडते. पॅरिसमध्ये दोघे 'तू'वर आहेत. कॅफेत नवऱ्यासमोर रिक इल्झाशी बोलतो तेव्हा 'तुम्ही' यायला हवे, आणि त्या 'तुम्ही'त टोचणी हवी. रात्री दारूच्या भरात तो पुन्हा 'तू'वर येतो, ती मात्र 'तुम्ही'च म्हणते. पिस्तूल रोखलेल्या प्रसंगात ती कोणत्या वाक्याला 'तू'वर उतरते, हे अनुवादकाने दिग्दर्शकाला विचारून ठरवायचे. तो त्या भागाचा सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे. रिक ग्लास उचलून जे म्हणतो, 'हिअर्स लुकिंग अॅट यू, किड', त्याचा शब्दशः अनुवाद करू नका. मराठीत ग्लास उचलून बोलायचा असा घरगुती उद्गारच नाही. दोघांच्यातला एखादा छोटा, इतरांना निरर्थक वाटेल असा शब्द घडवा आणि तो चार वेळा तसाच वापरा.

शेवटाबद्दल. १९४२ मध्ये चित्रीकरण २५ मे ते ३ ऑगस्ट चालले आणि पटकथा शेवटपर्यंत लिहिली जात होती. आपण कोणावर प्रेम करतोय ते इन्ग्रिड बर्गमनला नेमके सांगितलेले नव्हते, म्हणून तिचा चेहरा दोघांकडे सारखाच खरा दिसतो. हा अपघात होता, त्याची पद्धत करू नका. आठ भागांच्या अभिनेत्रीला सगळे माहीत हवे. प्रेक्षकाला कळू नये इतपत काम मात्र तिने आणि संकलकाने मिळून करायचे. विमानतळही तेव्हा स्टुडिओतच होता, प्लायवूडचे कापीव विमान, प्रमाण साधायला बुटके मेकॅनिक आणि खोटेपणा झाकायला धुके. आज खरे विमान मिळते म्हणून धुके कमी करू नका. त्या धुक्यामुळे दोघांना एकमेकांपलीकडचे काही दिसत नाही.

वेळ मात्र नीट साधा. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा हवाईत सकाळचे आठ वाजत आले होते आणि कॅसाब्लांकात संध्याकाळ होती. विमान ७ डिसेंबरला अंधार पडता पडता सुटू द्या. रिक आणि रेनो पायी निघतात तेव्हा दोघांनाही बातमी माहीत नसते. कॅफेच्या बंद दालनात सॅम खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवतोय, रेडिओ लावलेला नाही, पियानो झाकलेला आहे. तिथे कापा.